खोडायचं नाही, कंस करायचा

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भूम तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रावर मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. आजूबाजूच्या बारा गावांचं दूध आमच्याकडं यायचं. ६१२ उत्पादकांची खाती माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि दर दहा दिवसांनी त्यांच्या बिलाची फाइल बँकेला पाठवायचं काम माझ्याकडं होतं. त्या दिवशी चार वाजेपर्यंत फाइल जायला हवी होती. रक्कम साधारण सव्वीस लाख. घड्याळात अडीच वाजले होते.

एका म्हातारीचा खाते नंबर बदलायचा राहिला होता. तिचं जुनं खातं बंद पडलं होतं, नव्या पासबुकाची झेरॉक्स माझ्या टेबलावर होती. रोजच्या स्क्रीनवरून नंबर बदलायला गेलो तर स्क्रीन अडकली. असं झालं की काय करायचं हे मला सॉफ्टवेअरवाल्यानं एकदा फोनवर शिकवलं होतं : थेट डेटाबेस उघडायचा आणि दोन ओळींची आज्ञा द्यायची. पहिली ओळ म्हणते, उत्पादकांच्या तक्त्यात खाते नंबर हा कर. दुसरी ओळ म्हणते, पण फक्त कोड नंबर २१४ साठी.

त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. माउसनं जेवढा मजकूर निवडाल तेवढाच चालायचा. मी दोन ओळी लिहिल्या, माउसनं निवडल्या, बटण दाबलं. निवडताना दुसरी ओळ निसटली होती.

खाली एक वाक्य आलं : ६१२ रोज अफेक्टेड.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. मग यादी उघडली. कोड १, म्हातारीचा नंबर. कोड २, म्हातारीचा नंबर. स्क्रोल करत शेवटपर्यंत गेलो. बारा गावांच्या दुधाचे पैसे, कागदोपत्री, एका विधवा म्हातारीच्या नावे जमा व्हायला तयार होते. ती फाइल बँकेला गेली असती तर ६११ घरांचे पैसे भलत्याच खात्यात गेले असते, किंवा नाव जुळत नाही म्हणून बँकेनं परत पाठवले असते. दोन्ही सारखंच वाईट. आमच्याकडं दुधाचं बिल म्हणजे किराणा, पेंड, पोराची फी. आणि भूमचा खवा प्रसिद्ध आहे. गावोगावी भट्ट्या आहेत. केंद्राचं बिल एकदा चुकलं की माणूस दुसऱ्या दिवशी कॅन उचलून भट्टीवर जातो, तो परत येईलच असं नाही.

डेटाबेसमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस हा क्षण ओळखतो. तुम्ही करत नसाल तर असं समजा : कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या एका मित्राचा नंबर बदलायला गेलात आणि फोनमधल्या सगळ्या नावांपुढं तोच एक नंबर आला. आई, बॉस, गॅसवाला, सगळ्यांपुढं. आणि ‘अंडू’ नावाचं बटण तिथं नाही.

खरं तर ते बटण असतं, पण आधी मागून ठेवावं लागतं. बदल करण्यापूर्वी डेटाबेसला सांगायचं की आता मी व्यवहार सुरू करतोय. मग बदल करायचा, किती ओळी बदलल्या ते बघायचं, पटलं तर ‘कमिट’, नाही पटलं तर ‘रोलबॅक’. एकाऐवजी ६१२ दिसलं की मागं फिरायचं आणि घरी जायचं. मी व्यवहार सुरू केलाच नव्हता. अशा वेळी बहुतेक डेटाबेस प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करतात. माझी चूक टाइप होताच पक्की झाली होती.

पुढच्या पाच मिनिटांत मी आणखी दोन चुका करायच्या बेतात होतो. पहिली : कुणाला काही न सांगता स्वतःच निस्तरायचं. दुसरी : बॅकअपची फाइल शोधायची आणि आहे त्या डेटावर चढवून मोकळं व्हायचं. बॅकअप सापडला. ४३ दिवसांपूर्वीचा. रोज रात्री बॅकअप घेणारा प्रोग्रॅम लावलेला होता, पण ड्राइव्ह भरल्यापासून तो रोज रात्री अपयशी होत होता आणि ते अपयश एका फाइलमध्ये इमानेइतबारे लिहून ठेवत होता. ती फाइल उघडायचं काम कुणाचं आहे, हे कधी ठरलंच नव्हतं. तो जुना बॅकअप चालू डेटावर चढवला असता तर खाते नंबर आले असते आणि ४३ दिवसांचं दूध गेलं असतं. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, कापलेली पेंड, दिलेली उचल, सगळं.

तेवढ्यात तात्या आत आले.

तात्या आमचे हिशोबनीस. साठी उलटलेली, खांद्यावर टॉवेल, खिशात दोन पेनं. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी एक लांब वही चालू ठेवली होती. माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, “काय झालं रं?”

मी सांगितलं. आवाज फुटत नव्हता.

“किती जणांचं गेलं?”

“सगळ्यांचं.”

“पैशे गेले का नंबर गेले?”

“नंबर.”

“मग बस खाली. पैशे अजून हितंच हायत.”

मग त्यांनी दोन कामं केली. चेअरमनला फोन लावून सांगितलं की आज फाइल चारला जाणार नाही, उद्या सकाळी जाईल, कारण पोराकडून चूक झालीय आणि दुरुस्ती चालू हाय. माझ्यादेखत, माझं नाव घेऊन, जराही न लपवता. आणि मग कपाटातून ती लांब वही काढून माझ्यासमोर ठेवली. पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : फेरफार वही.

मी त्या वहीला हसायचो. आत प्रत्येक बदलाची एक ओळ होती. अनुक्रम नंबर, तारीख, उत्पादकाचा कोड, जुना खाते नंबर, नवा खाते नंबर, कुणी सांगितलं, आणि शेवटी सही किंवा अंगठा. नवीन माणूस जोडला तर जुन्याच्या जागी एक आडवी रेघ. मी म्हणायचो, तात्या, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे की. ते म्हणायचे, कॉम्प्युटरमध्ये आजचं हाय.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. त्यानं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : “आता कशालाच हात लावू नकोस.” संध्याकाळचं संकलन कागदावर घ्यायला सांगितलं. आधी बिघडलेल्या डेटाचीच एक प्रत काढून ठेवली, म्हणजे दुरुस्तीत आणखी बिघडलं तर किमान इथवर तरी परत येता येईल. मग ४३ दिवसांपूर्वीचा बॅकअप वेगळ्या नावानं, शेजारी उघडला. आणि त्यातून फक्त खाते नंबरचा एक रकाना, कोडशी कोड जुळवून, उचलला. ५७९ खाती जशीच्या तशी मिळाली. म्हातारीचा नंबर बरोबरच होता. सगळ्यांत बरोबर तोच होता. उरली ३२. त्यात २३ माणसं त्या ४३ दिवसांत नवीन आलेली आणि नऊजणांनी मधल्या काळात खातं बदललेलं.

ती वहीत शोधली. तात्या वाचत होते, मी टाइप करत होतो, प्रत्येक नंबर दोनदा. वहीत ३० सापडली. दोन नव्हती. ती दोन मी तात्या सुट्टीवर असताना जोडली होती आणि वहीत लिहिली नव्हती.

अंधार पडताना मोटारसायकल काढली. एक वस्ती सहा किलोमीटरवर, दुसरी त्याच्या पुढं चिखलातून. दोन्ही घरी जाऊन, पासबुक मागून, मोबाइलमध्ये फोटो काढला. एकानं विचारलं, “कशाला पुन्हा? मागं दिलं हुतं की.” मी म्हणालो, माझ्याकडून पुसलं गेलं. तो काही बोलला नाही, आत जाऊन पासबुक घेऊन आला. मग रात्री दहापर्यंत आम्ही बँकेला पाठवलेली मागच्या बिलाची फाइल मेलमधून काढली आणि नवी यादी तिच्याशी ताडून पाहिली. फरक निघाले तेवढेच, जेवढे वहीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फाइल गेली.

•

नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या रात्री आम्ही केलं त्याला पुस्तकात नाव आहे. एक जुनी पूर्ण प्रत घ्यायची आणि त्यानंतरचे बदल, लिहिलेल्या क्रमानं, एकेक करून तिच्यावर पुन्हा लावत आजपर्यंत यायचं. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, सगळे मोठे डेटाबेस हेच करतात. ते तक्त्यात बदल पक्का होण्याआधी तो एका नोंदवहीत लिहितात, तिला लॉग म्हणतात. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर उठल्यावर डेटाबेस आधी ती वही वाचतो. पोस्टग्रेसमध्ये पूर्ण प्रत आणि तिच्यानंतरची अखंड वही जपली असेल तर “काल दुपारी दोन वाजून एकोणतीस मिनिटांनी जसं होतं तसं दे” असंही मागता येतं. आपण ज्याला डेटा म्हणतो तो तक्ता म्हणजे शेवटच्या पानावरची बेरीज. ती कशी झाली हे वहीत असतं. बेरीज पुसली तर वहीतून पुन्हा करता येते. वही पुसली तर बेरजेतून वही होत नाही.

आणि हे फक्त भूमच्या पोराकडून होत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एक इंजिनिअर रात्री उशिरा एक बिघाड निस्तरत होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव सर्व्हरवरचा डेटा पुसतोय असं समजून त्यानं मुख्य सर्व्हरवरचा पुसला. लक्षात आल्यावर थांबवलं तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपचे वेगवेगळे पाच मार्ग होते. गरजेच्या वेळी एकही धड चालला नाही. एक बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यानं होतच नव्हता आणि तो होत नाही हे सांगणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हत्या. आमच्या भरलेल्या ड्राइव्हची आठवण यावी असंच. वाचले ते एका योगायोगानं : सहा तास आधी एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढली होती. सहा तासांतला डेटा गेला तो गेला.

पण मला त्या गोष्टीतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. कंपनीनं दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. कुठं काय चुकलं, कोणते बॅकअप फसले, हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवलं. तात्यांनी चेअरमनला केलेला फोन आणि हे यात मला फरक दिसत नाही. चूक लपवायला गेलं की दुरुस्तीचे पहिले दोन तास जातात, आणि सगळ्यांत मोलाचे तेच असतात.

•

त्या रात्री मोटारसायकलवरून तात्यांना घरी सोडताना मी विचारलं, ही वही तुम्हाला कुणी शिकवली?

त्यांचे वडील गावचे कोतवाल. तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन चावडीवर न्यायचं काम त्यांच्याकडं, आणि लहानपणी तात्या मागं मागं. तिथं त्यांनी पाहिलं की सातबारा आणि फेरफार ही दोन वेगळी पुस्तकं असतात. सातबारा सगळ्यांना माहीत आहे : गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची, गाव नमुना बारामध्ये पीक काय. पण सातबाऱ्यावर कुणी उठून नाव बदलू शकत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद करायची. तिला नंबर पडतो. खरेदी असो, वारस असो, बोजा असो, काय झालं ते लिहायचं, कोणत्या गटावर परिणाम झाला ते लिहायचं. नोटीस चावडीवर लावायची, संबंधितांना द्यायची. पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची. मग मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करणार, आणि तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नवं नाव चढणार, शेजारी त्या फेरफाराचा नंबर घेऊन.

“आणि जुनं नाव?” मी विचारलं.

“जुनं नाव खोडायचं नाही. कंस करायचा.”

म्हणजे त्या नावाभोवती कंस काढायचा. नाव तिथंच राहतं, वाचता येतं, फक्त आता त्याचा हक्क नाही एवढं कळतं. संगणकावरच्या सातबाऱ्यातही ही पद्धत आली. आता नव्या नमुन्यात कंसाबरोबर आडवी रेघही दिसते. चुकीचा फेरफार झाला तरी तो फाडत नाहीत. तो रद्द झाल्याचा दुसरा फेरफार होतो, त्याला वेगळा नंबर.

“सातबारा आज काय हाय ते सांगतंय,” तात्या म्हणाले. “तसं कवा झालं, कुणाच्या सांगण्यावरनं झालं, ते फेरफारात बघायचं.”

मी त्यांना उतरवलं आणि घरी आलो. आमच्या घरातही एक नाव गायब होतं आणि आम्ही दोन वर्षं नुसता सातबारा बघत बसलो होतो.

•

आजीचं नाव. हस्तलिखित सातबाऱ्यावर आमच्या गटाला तीन नावं होती : माझे वडील, चुलते आणि आजी. संगणकावरच्या सातबाऱ्यावर दोन. राज्यभरातले कोट्यवधी सातबारे हातानं लिहिलेल्या कागदावरून टाइप झाले. कुठं आकडा सुटला, कुठं क्षेत्र बदललं, कुठं नाव राहिलं. सरकारलाही ते माहीत होतं. म्हणून तर २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, टाइप केलेले सातबारे लोकांसमोर वाचून दाखवले गेले आणि चुका दुरुस्त करून घेतल्या गेल्या. सर्वांत साधी आणि सर्वांत चांगली तपासणी : ज्याची नोंद त्याला वाचून दाखवा. आमच्या गावच्या वाचनाला आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. त्या दिवशी फवारणी होती.

आजीचं नाव नाही हे आजीनंच ओळखलं. २०१९ मध्ये पीएम किसान योजना आली, वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. जमीन स्वतःच्या नावावर हवी. शेजारच्या म्हातारीला हप्ता आला, आजीला नाही. वडील म्हणाले, होईल. ते “होईल” दोन वर्षं चाललं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये यासाठी कलम १५५ आहे. हक्कनोंदीतल्या लेखनाच्या चुका कधीही दुरुस्त करता येतात. तहसील कार्यालयात अर्ज करायचा. पण “आमच्या आजीचं नाव होतं हो” असं म्हणून भागत नाही. होतं हे दाखवावं लागतं. म्हणजे जुना हस्तलिखित सातबारा, आणि ज्या फेरफारानं आजीचं नाव लागलं तो फेरफार.

आमच्या भागात मागं जायचं म्हणजे फार मागं जाता येतं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत मुंबई राज्यात. राज्यकर्ते बदलले, दप्तराची भाषा बदलली, तरी मराठवाड्यात जमिनीचा कुठलाही जुना वाद निघाला की आजही १९५४-५५ चं खासरा पत्रक मागतात. आम्हाला तेवढं मागं जायचं नव्हतं. आजोबा १९८७ मध्ये गेले. त्यांच्या वारसाचा फेरफार हवा होता. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज केला, दोन हेलपाटे झाले, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नक्कल हातात पडली.

चार रकाने. नंबर. मजकूर. गट नंबर. अधिकाऱ्याची सही. मजकूर असा की अमुक खातेदार मयत, त्यांना वारस दोन मुलं आणि पत्नी. आजीचं नाव स्पष्ट होतं. वडील खूश झाले. मी तीच ओळ पुन्हा वाचली.

आजोबांना दोन मुलं आणि दोन मुली होत्या.

थोरली आत्या आता नाही. धाकटी परंड्याकडं दिलेली. दोघींची नावं त्या कागदावर कुठंच नव्हती. कंसात नाहीत, इतर हक्कात नाहीत. जणू जन्मल्याच नव्हत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वडिलांच्या हिश्श्याची मुलाइतकीच वारस आहे. १९८७ मध्येही होती. आम्ही टायपिंगची चूक शोधायला गेलो आणि तिच्या खाली पस्तीस वर्षं जुनी दुसरी गोष्ट सापडली. ती टायपिंगची नव्हती.

हे मला त्या दूध केंद्रावरच्या रात्री कळलं नव्हतं. डेटा परत मिळवणं म्हणजे लिहिलेलं होतं ते परत मिळवणं. जे लिहिलंच नाही ते कुठल्याही बॅकअपमध्ये नसतं. आमच्या त्या दोन वस्त्यांसारखं. तिथं माणसाच्या दारातच जावं लागतं.

मी आत्याकडं गेलो. तिला फोनवरचा फोटो दाखवला. तिला वाचता येतं. तिनं सावकाश वाचला.

म्हणालो, “आत्या, तुझं नाव चुकून राहिलं असेल.”

ती म्हणाली, “चुकून नाही रे राहिलं. मला इचारलंच नव्हतं.”

मग तिनं चहा टाकला आणि विषय बदलला. जाताना मात्र म्हणाली, “दादाला सांगू नको मी असं म्हणले म्हणून.”

मी सांगितलं.

•

आजीचं प्रकरण रीतसर चाललं. अर्ज, जुना सातबारा, फेरफाराची नक्कल, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, चुलत्यांना नोटीस, सुनावणी. अर्ज केला तेव्हा वर लिहिलं होतं, जिल्हा उस्मानाबाद. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि नाव बदललं. वर्षाच्या शेवटी आदेश हातात आला त्यावर जिल्हा धाराशिव. मधल्या काळात ऑनलाइन फॉर्म भरताना कुठं हे नाव यायचं, कुठं ते. पण आदेशातला ‘वाचले’ या शब्दापुढचा अर्ज तोच होता, गट नंबर तोच होता, बाहेर उभ्या गाड्यांवर एमएच २५ तसाच होता. नाव बदलतं, नंबर बदलत नाही. म्हणून तर कागद एकमेकांना ओळखतात. जुन्या कागदांवरचं उस्मानाबाद कुणी पुसत बसलं नाही. पुसायची गरजही नव्हती.

आजीचं नाव नव्या फेरफारानं पुन्हा चढलं. मधली जी वर्षं ते नव्हतं ती वर्षंही रेकॉर्डवर राहिली. पीएम किसानचा अर्ज केला, आजीला त्यात आता फारसा रस उरला नव्हता. तिनं सातबाऱ्याचा कागद मात्र घडी घालून पेटीत ठेवला.

आत्याचं काय करायचं हे वडिलांनी बराच काळ काढलं नाही. मीही रोज विचारत नव्हतो. मग एका रात्री जेवताना ते म्हणाले, “त्या कलमात नुसत्या लिहिण्याच्या चुका बसतात का?”

मी कलम आधीच वाचलं होतं. १५५ मध्ये लेखनाच्या चुकांसोबत आणखी एका प्रकारची चूक आहे : जी झाली आहे हे संबंधित पक्षकार स्वतः कबूल करतात ती. वाद असेल तर हे कलम उपयोगाचं नाही. मग अपील, नाहीतर दिवाणी कोर्ट, आणि त्यात आयुष्य जातं. पण ज्यांच्या नावावर जमीन आहे तेच म्हणाले की हो, आमच्या बहिणींची नावं राहिली, ती राहायला नको होती, तर या वाटेनं अर्ज तरी करता येतो. कायद्याच्या इतक्या रुक्ष पुस्तकात कबुलीला जागा ठेवलीय हे वाचून मला तात्यांचा तो फोन आठवला होता.

वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तवा सत्तावीस वर्षांचा हुतो. तलाठ्यानं इचारलं वारस किती. मी सांगितलं ते त्यानं लिहिलं.”

बस, एवढंच. पण पस्तीसहून जास्त वर्षांनी का होईना, घरात कुणीतरी तो फेरफार कुणाच्या सांगण्यावरनं झाला ते सांगितलं.

चुलते पुण्यात असतात. पहिले तीन महिने त्यांनी फोन उचलून पाऊस कसा आहे तेवढंच विचारलं. शेवटी आजी बोलली त्यांच्याशी, दार लावून. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ते आले आणि सही करून गेले, जेवायला थांबले नाहीत. थोरल्या आत्याच्या मुलांची नावंही अर्जात आहेत. त्यातल्या एकानं मला विचारलं, “हे तुम्हाला आत्ताच का सुचलं?” याचं चांगलं उत्तर माझ्याकडं नाही. एका दुपारी माउस निसटला म्हणून, असं सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही.

दूध केंद्रावर मी आता नाही; बार्शीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दूध केंद्रांचीच कामं करतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये खाते नंबर बदलला की जुना नंबर, तारीख, बदलणाऱ्याचं नाव आणि कारण वेगळ्या तक्त्यात जातं. तो तक्ता कुणालाच पुसता येत नाही, मलाही. कारणाचा रकाना रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही, त्यावर ऑपरेटर पोरं चिडतात. बॅकअप दर महिन्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो; न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. आणि डेटाबेसला हात लावण्यापूर्वी तीच अट घालून आधी यादी मागवतो, बदलायचं ते एक नाव दिसलं तरच पुढं जातो. त्या वेगळ्या तक्त्याचं नाव इंग्रजीत ठेवायची पद्धत आहे. आमच्याकडं त्याचं नाव फेरफार आहे.

मागच्या महिन्यात आत्या घरी आली होती. मी मोबाइलवर आमचा सातबारा उघडून दाखवला. तिचं नाव अजून वर लागलेलं नाही. खाली जिथं प्रलंबित फेरफार असं लिहिलेलं असतं, तिथं आता एक नंबर आहे. हरकतीची मुदत चालू आहे.

तिनं बोटानं स्क्रीन मोठी करून तो नंबर बघितला.

“हे कुणी पुसलं तर?”

मी म्हणालो, “नाही पुसता येत, आत्या. नामंजूर झालं तरी नंबर राहतो.”

तिनं पदराच्या टोकाला बांधलेली चिठ्ठी सोडली, पेन मागितलं आणि नंबर त्यावर उतरवून घेतला.